डुकरं पळवणारं हळदीचं गाणं

मालनबाईला आपल्याच आवाजाचा वीट आला होता. दुसऱ्याच्या आवाजाचा वीट आला तर माणूस उठून घरात जातं, दार लावून घेतं, नाहीतर तोंडावर सांगून मोकळं होतं. पण आपलाच आवाज चारी बाजूंच्या वावरांतून येत असला तर जाणार कुठं? भीमपूरच्या अलीकडच्या त्या गावात ज्वारी कणसाला आली, की दिवेलागणीला मचाणामचाणावर टेप सुरू व्हायचे आणि मालनबाई अंगणात भांडी घासता घासता स्वतःला ऐकायची. जड, घोगरा, ओढत ओढत चाललेला आवाज. बाईचा म्हणावा तर बाईचा नाही, बाप्याचा म्हणावा तर बाप्याचाही नाही. खोल विहिरीतून भरली बादली ओढावी तसा एकेक शब्द वर यायचा. शब्द मात्र तिचेच होते.

हळद लागली बाई लेकीच्या गालाले,
उद्या कोन पानी देईन दारच्या येलाले.

हळदीचं गाणं, आणि त्यानं रानडुकरं पळत होती. घ्या! देवानं गळा दिला तो कशासाठी, आणि कामी आला तो कशासाठी.

हे असं झालं कसं ते सांगायला पाहिजे, कारण यात कोणाचाच वाईट हेतू नव्हता. वाईट हेतू असता तर मालनबाईनं चार शिव्या हासडल्या असत्या आणि सुखानं झोपली असती.

त्या गावाची रीत अशी, की नवरीला पहिली हळद आई लावते आणि लावताना गाणंही आईच्याच तोंडून यावं लागतं. सगळ्याच आयांना कुठलं गाता यायला? मग मालनबाईला बोलावणं यायचं. आई हळद लावायची, मालनबाई तिच्या खांद्याला खांदा लावून बसायची आणि गायची. लोक समजून घ्यायचे. पुढं महिपतच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या पुतण्यानं, खुशालनं, इचोड्याला मोठ्या रस्त्यावर कॅसेटचं दुकान टाकलं. ते साल त्र्याऐंशीच्या आसपासचं. "काकू, तुहं गानं भरून ठेवतो," म्हणाला आणि भरलं. लोकांनी ते असं उचललं की विचारता सोय नाही. घरटी एक कॅसेट झाली. एकाच दिवशी चार गावांच्या मांडवांत मालनबाई गायची, आणि स्वतः मात्र वावरात कापूस वेचत असायची. सिनेमातल्या बायांना तरी याहून काय मिळतं?

मग घशात गाठ झाली. महिपतनं नागपूरला नेलं, गाठ काढून आणली. जीव वाचला, आवाज गेला. राहिला तो घोगरा, फाटका, दोन वाक्यं बोलली की दमणारा. पहिलं वर्षभर ती पदराआड रडली, मग रडणं सोडलं. कोणी कीव केली तर म्हणायची, "कॅसेट हाय नं. गळा गेला तं गेला, गानं पेटीत हाय." आणि हे ती मनापासून म्हणायची. लेक मनकर्णा मोठी होत होती. तिच्या हळदीला कॅसेट लावू, आपण नुसती हळद लावू, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता महिपतचं ऐका. महिपत माणूस सरळ, पण वस्तूचा जीव जाईपर्यंत तिला सोडणार नाही. रानडुकरांनी ज्वारीचा उच्छाद मांडला तेव्हा त्यानं डबे बडवले, फटाके लावले, शेवटी मचाणावर टेप नेऊन ठेवला. हाताला लागली ती हळदीची कॅसेट लावली. दोन दिवस डुकरं बिचकली, तिसऱ्या दिवशी गाण्याच्या तालावर कणसं खाऊ लागली, जशी काही त्यांच्याच घरची हळद होती. पण टेपचे सेल उतरले तेव्हा महिपतनं ते टाकले थोडेच? पत्र्यावर उन्हात वाळवले, दाताखाली दाबले आणि पुन्हा घातले. त्या संध्याकाळी मालनबाईचा आवाज जो फाकला, जो ओढला गेला, की महिपतच्याच अंगावर काटा आला. डुकरांनी कान टवकारले, आणि शेपट्या वर करून जी पळाली ती त्या अंगाला पुन्हा फिरकली नाहीत.

गोष्ट खुशालच्या कानावर गेली. तो पडला धंदेवाला. त्यानं मरायला टेकलेल्या सेलवर गाणं वाजवलं, दुसऱ्या टेपवर भरून घेतलं, वरून ढोल घातला, घुमारा घातला, मधे कोणाचं तरी खदाखदा हसणं घातलं. झाली 'डुकराची कॅसेट' तयार. शेतकरी नेऊ लागले. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले क्लीनरला घाबरवायला नेऊ लागले. भैंसा गावच्या बाजारातही ती मिळते म्हणे, असं लोक सांगायचे. मालनबाईला कोणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? पीक वाचत होतं. तिचंही वाचत होतंच की. त्यामुळं तिला तक्रार करायलाही जागा नव्हती, आणि माणसाला खरा थकवा येतो तो तिथं.

मनकर्णाची सोयरीक इचोड्याला जुळली. मुलगा एकुलता एक, चांगला, घरी किराणा दुकान. मुलाची आई सोनाबाई दोन बायांना घेऊन सुपारी फोडायला आली. बोलणं झालं, सुपारी फुटली, चहा आला. बोलता बोलता दिवस कलला आणि कुठल्यातरी मचाणावरून सुरू झालं, हळऽऽद लाऽऽगली…

सोनाबाईच्या हातातली बशी तिथंच थांबली.

"हे काय वो माय? कोनी गेलं काय गावात?"

"नाई नाई!" महिपत खुशीत म्हणाला. "हे तं घरचंच गानं हाय. आमच्या मंडळीचा आवाज हाय हा!"

सोनाबाईनं मालनबाईकडं असं पाहिलं की मालनबाईला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. आत दाराआड मनकर्णा उभी होती, तिचं तोंड एवढंसं झालं.

"विहीनबाई," सोनाबाई सावकाश म्हणाली, "तुमची रीत मले मालूम हाय. माय गाते, मंग हळद लागते. होऊ द्या. पन हे नका लावजा बाप्पा. माहा एकच लेक हाय. शुभाच्या कामात असं मढ्यावानी गानं नोको."

"हे नाई लावत," मालनबाई म्हणाली. "चांगली कॅसेट हाय."

पण तिचा घोगरा आवाज ऐकून सोनाबाई पुन्हा दचकली. ते मालनबाईनं पाहिलं. तेव्हाच तिनं मनाशी गाठ बांधली, की लेकीच्या मांडवात आपण तोंड म्हणून उघडायचं नाही. चांगली कॅसेट लावायची, हळद लावायची, गप बसायचं. लेकीचा संसार सुरू व्हायच्या आधी सासूच्या मनात भूत नको.

पाहुणे गेल्यावर मनकर्णा म्हणाली, "माय, दुसरं कोनतंबी गानं लाव नं. चालते मले."

"चालते कसं? माय मी हाय नं तुही?"

ज्वारी निघाली, मचाणं ओस पडली, लग्न महिन्यावर आलं तेव्हा मालनबाईनं पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी कॅसेट होती, वर तिनंच लावलेलं कुंकवाचं बोट. महिपतनं टेपात घातली, कळ दाबली. हळऽऽद लाऽऽगली… आणि मागून खदाखदा हसणं.

"सेल उतरले असतीन," मालनबाई म्हणाली.

महिपत डोकं खाजवत राहिला. "सेल नवे हायेत," तो खाली पाहून म्हणाला. "मीच देल्ली होती खुशालले. मनलं, गानं तेच, कॅसेट तेच, नवी कशाले घ्या? हिच्यावरच भरून दे."

मालनबाई खाली बसली. राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात बळ लागतं.

दुसऱ्या दिवशी ती गावात निघाली. कोणाच्या घरी नव्हती तिची कॅसेट? जिथं जाईल तिथं बाया हौसेनं आणून देत, "घे नं माय, तुहीच हाय." लावून पाहिली की डुक्कर. भागीरथाबाईनं तर कॅसेट देव्हाऱ्यात ठेवली होती, हळदकुंकू वाहिलेली. लेकीच्या लग्नातली आठवण म्हणून रोज तिला हात जोडायची. लावली, तर तीही डुकराची. तिच्या मालकानं कधी नेऊन भरून आणली आणि गुपचूप जागेवर ठेवली, तिला पत्ताच नव्हता. "देवासमोर डुक्कर ठेवलं वो मेल्यानं!" म्हणून भागीरथाबाई नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत बसली, आणि मालनबाईवर तिचीच समजूत काढायची वेळ आली. सगळ्या गावानं एकच शहाणपण केलं होतं. गाणं तेच, कॅसेट तीच, नवी कशाला?

उन्हाचं ती इचोड्याला गेली. खुशालच्या दुकानात सगळ्या भिंतींना कॅसेटी, आणि खुशाल मधे पंख्याखाली.

"तुह्याजवळ तं मूळची असंन नं रे?"

खुशालनं कपाळाला हात लावला. "काकू, आता काय सांगू तुले? मूळ कॅसेट वाजू वाजू घासली. मंग मी तिच्यावरच…"

"समजलं," मालनबाई म्हणाली.

"मी दुसऱ्या बाईचं भरून देतो नं. अकोल्याकडची हाय एक, मस्त गाते. कोनाले समजते?"

"मले समजते."

खुशालनं थंडा मागवला. तिनं अर्धा प्यायला आणि अर्धा ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी गायले, आणि माझ्या लेकीला माझ्याच गाण्याचा एक तुकडा मिळू नये? एवढं वाईट तिला गाठ निघाली तेव्हाही वाटलं नव्हतं. बसमध्ये खिडकीशी बसून ती सगळ्यांदेखत रडली. बाजूच्या बाईनं विचारलं, काय झालं वो? ही म्हणाली, दात दुखते.

हळद दोन दिवसांवर आली आणि तिला बयनाबाई आठवली. बयनाबाई तिची धाकटी बहीण, पैनगंगेच्या पलीकडं यवतमाळच्या बाजूला दिलेली. तिच्या लग्नानंतर मालनबाईनंच तिला एक कॅसेट नेऊन दिली होती. नदीला उन्हाळ्यात पाणी ते किती, घोटाभर. मालनबाई पहाटेची उठली आणि लुगडं खोचून चालत पलीकडं गेली.

"बाई, काऊन आली वो अशी उन्हाची? हळद तोंडावर हाय नं!" बयनाबाई घाबरलीच.

"माही कॅसेट हाय का तुह्यापाशी?"

बयनाबाईनं कोठीतून चोळीच्या खणात गुंडाळलेली कॅसेट काढली. "आमचा टेप बिघडला तवापासून कोनी लावलीच नाई. कवाचीच पडून हाय."

"कोनाले भरायले देल्ली नव्हती?"

"कोनाले देऊ? आमच्याकडं डुकरं नाईत, वांदरं हायेत. ते कशालेच भेत नाईत."

मालनबाई हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली असेल. कॅसेट तिनं कंबरेच्या पिशवीत घातली, बयनाबाईला लग्नाला सोबतच ओढलं, आणि नदी उतरताना एक हात सतत पिशवीवर ठेवला.

खुशाल म्हणाला, "आता वाजवून पाहू नोको. महिपतकाकाच्या टेपात फसली तं गेली. मांडवात लाईनवर लावू, एकाच खेपेत." ते तिला पटलं. पटलं म्हणजे काय, पाहायची हिंमतच नव्हती.

हळदीच्या दिवशी लाईन चार वाजता आली. मांडवात बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन सोनाबाई स्वतः आली होती, हातात वाटी, कपाळावर आठी. मनकर्णा पाटावर खाली मान घालून बसली होती. विशीची पोर, पण पिवळ्या लुगड्यात पार लहान दिसत होती. मालनबाई तिच्यासमोर बसली, बोटं हळदीत बुडवली आणि खुशालकडं मान हलवली.

कळ दाबली गेली. जरा खरखर झाली, आणि आवाज आला.

माय वो! काय तो आवाज! स्वच्छ, टणटणीत, पाखरासारखा. मांडवभर बाया "हाच वो, हाच!" म्हणून उठल्याच. सोनाबाईच्या कपाळावरची आठी गेली. महिपतनं डोळ्यांना धोतर लावलं. मालनबाईचा जीव भांड्यात पडला. लेकीच्या गालाकडं तिनं हात नेला.

पण हात गालापाशी पोचतो तोवर गाणं गालावरून हातावर गेलं होतं. तिनं घाईनं हाताला हळद लावली, तर गाणं पायाशी. बायांनी म्हणायला सुरुवात केली तर त्यांनाही जमेना. "हळऽऽद" म्हणून ओढ घेतात तोवर तिकडं ओळ संपलेली. "थांब वो बाई, किती पळते!" कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. घाईत मालनबाईचं बोट लागून मनकर्णाच्या डोळ्यात हळद गेली. पोरगी डोळा चोळू लागली.

मालनबाईचा हात थांबला. ती ऐकू लागली. गोड होता आवाज, खोटं कशाला बोला, फार गोड होता. पण त्या बाईला काहीच झालेलं नव्हतं. गाणं भरलं त्या दिवशी इचोड्याला भीमपूरची बस सुटायला आली होती, कंडक्टर हाका मारत होता आणि मालनबाई एक डोळा बसवर ठेवून गात होती. मनकर्णा तेव्हा फ्रॉक घालून दुकानाच्या पायरीवर गोळी चोखत बसलेली. लेक देणं म्हणजे काय, हे त्या गाणाऱ्या बाईला ठाऊकच नव्हतं. तिला बस धरायची होती.

"बंद कर, खुशाल."

"काकू, मस्त तं वाजून राह्यली…"

"बंद कर मनलं नं! थे पोट्टी हाय. तिले काय समजते."

खुशालनं बंद केली. सोनाबाई पाहत होती, आणि तिच्यासमोरच तोंड उघडायचं नाही असं मालनबाईनं ठरवलं होतं. पण आता इलाज नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिला आता कोणाची भीडही राहिली नव्हती. तिनं बोटं पुन्हा हळदीत बुडवली, पदरानं लेकीचा डोळा पुसला, आणि गायला लागली.

घोगरा, फाटका, जड आवाज. एक शब्द म्हणायची, दम घ्यायची. मागं बसलेल्या पोट्ट्या "डुक्कर, डुक्कर" म्हणून खिदळल्या, बयनाबाईनं एकीच्या पाठीत धपाटा घातला. मालनबाई थांबली नाही. आणि दुसऱ्या शब्दाला भागीरथाबाईचा आवाज मिळाला. मग आणखी एकीचा. ठरवून नाही, आपसूक. इतकी वर्षं मचाणावरून ऐकून ऐकून सगळ्या गावाच्या अंगात तीच ओढ भिनली होती, तोच दम, तीच संथ चाल. कोणी पुढं गेलं नाही, कोणी मागं राहिलं नाही. मांडवातल्या साऱ्या बाया हळूहळू, खालच्या आवाजात, ओढत ओढत गाऊ लागल्या. बाहेर बांधलेली बैलं उठून उभी राहिली. ऐकून अंगावर काटा येत होता, आणि उठून मात्र कोणी जात नव्हतं.

मालनबाईनं चोरून सोनाबाईकडं पाहिलं. सोनाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिनं वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "होऊ द्या वो सावकाश. आमाले कोनती घाई हाय."

गालाऽऽले, असा तो शब्द निघाला. तो संपायला येईना. तेवढा वेळ मालनबाईचा तळवा लेकीच्या गालावर होता. गाल गरम होता, ओला होता, आणि हळद तळव्याखाली पातळ होत होती.

"माय, हात काढू नोको," मनकर्णा म्हणाली.

मालनबाईनं काढला नाही. पुढची ओळ यायला अजून वेळ होता.